स्नोबोर्ड येतो, आता लाँगबोर्ड: पहिले चार आठवडे

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. गुलमर्गला किंवा परदेशात तीन-चार हिवाळे स्नोबोर्ड चालवलेले बरेच मराठी लोक आता आहेत. ते गावी परततात, बर्फ मिळत नाही, आणि मग कुणीतरी सांगतं, लाँगबोर्ड घे, तेच आहे ते, फक्त चाकांवर. तर ते खरंच तेच आहे का? किती तेच आहे आणि कुठे अजिबात नाही? आज त्यावर बोलू.

मी बोलतेय घुग्घुसवरून. चंद्रपूर जिल्हा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: वर्धा नदीच्या काठचं कोळशाचं गाव. भोवती खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर. इथे बसून स्नोबोर्डवर बोलायचं म्हटलं की लोक हसतात. पण आपल्या जिल्ह्याचं बर्फाशी नातं नाही असं म्हणू नका. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधल्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं, ‘मिशन शौर्य’मधून. भट्टीसारख्या उन्हात वाढलेली पोरं होती ती. तेव्हा घुग्घुसची एक बाई स्नोबोर्ड चालवते यात फार आश्चर्य नको.

मी गुलमर्गला शिकले. पुढे नोकरीनिमित्त कॅलगरीत होते, तेव्हा शनिवार-रविवार रॉकीजमध्ये. सगळे मिळून आठ हिवाळे. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला, म्हणून इकडे आले. काम घरूनच करते. बोर्डाची सवय सुटेना, म्हणून लाँगबोर्ड घेतला. आणि शिकताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागली. आईला उठवून खुर्चीत बसवणारे हात माझेच आहेत. माझं मनगट मोडलं तर सहा आठवडे त्या घरात काय होईल? त्यामुळे ‘पडत पडत शिकू’ हा पर्याय माझ्यापुढे नव्हताच. आज जे सांगणार आहे ते त्याच हिशेबानं. तुमच्या घरीही कुणी ना कुणी तुमच्या हातापायांवर अवलंबून असेलच.

मुद्दा आधीच सांगून टाकते. स्नोबोर्डवाल्याला लाँगबोर्डवर तोल पहिल्या दिवशी मिळतो आणि ब्रेक महिन्यानं. नवशिक्याचं तसं नसतं. त्याला दोन्ही हळूहळू येतं, त्यामुळे तो वेग घ्यायलाच घाबरतो. आपण घाबरत नाही. म्हणून धोका आपल्याला जास्त.

एकाच घरातली भावंडं

थोडा इतिहास, पटकन. लाटांवर सर्फिंग करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या पोरांनी, समुद्र शांत असेल त्या दिवशी काय करायचं म्हणून फळीला चाकं लावली. तो स्केटबोर्ड. सुरुवातीची चाकं लोखंडाची, मग एक प्रकारच्या मातीची. खडा आला की जागीच थांबायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यानं युरेथेनची चाकं आणली आणि रस्त्यावर पकड आली. बर्फाकडची गोष्ट अशी की १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शेरमन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्याचं नाव ‘स्नर्फर’. त्यातून पुढे स्नोबोर्ड आला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड, आणि टोकियोमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, स्केटबोर्ड. लाँगबोर्ड हा स्केटबोर्डचाच लांब, मऊ चाकांचा भाऊ. उड्या मारण्यासाठी नाही, अंतर कापायला आणि लांब वळणं घ्यायला.

म्हणजे तिघांचं मूळ एकच, आडवं उभं राहून घसरणं. पण भावंडं सारखी दिसली म्हणून स्वभाव सारखा नसतो.

काय कामाला येतं

पहिलं, पाय. डावा पुढे म्हणजे रेग्युलर, उजवा पुढे म्हणजे गूफी. बर्फावर जो असेल तोच इथे. ते नव्यानं शोधायची गरज नाही.

दुसरं, नजर. जिकडे बघाल तिकडे खांदा, खांद्यामागे कंबर, कंबरेमागे बोर्ड. हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे. नवशिक्याला बोर्डाकडे बघायची सवय सोडायलाच आठवडा जातो.

तिसरं, गुडघे. वाकलेले, सैल. रस्त्याची खरखर गुडघ्यात जिरवायची, बर्फावरच्या ढेकळांसारखी.

चौथं, वळण. बोटांकडे झुकलात की बोर्ड बोटांकडे वळतो, टाचांकडे झुकलात की टाचांकडे. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही लांब लांब वळणं घेऊ लागाल, आणि बरं वाटेल. खरंच बरं वाटतं हो, दोन वर्षांनी ते अंगात परत येतं तेव्हा.

पाचवं कुणी सांगत नाही. लिफ्टच्या रांगेत आपण एक पाय बांधलेला आणि एक मोकळा ठेवून ढकलत ढकलत पुढे सरकतो ना? कंटाळवाणं काम. पण लाँगबोर्डवरचा ‘पुश’ त्याचाच भाऊ आहे. सगळं वजन पुढच्या पायावर, मागचा पाय जमिनीवर.

काय कामाला येत नाही

आमच्या गल्लीतली पोट्टी पहिल्याच दिवशी जमली. त्यातल्या एकानं विचारलं, “ताई, हे पायाले बांधत नाही का?” नऊ-दहा वर्षांचा असेल. पण प्रश्न नेमका. नाही, बांधत नाही. तुम्ही आणि बोर्ड वेगवेगळे आहात. बर्फावर बोर्ड पायांनी उचलता येतो, ओढता येतो, मागचा पाय फेकून फिरवता येतो. इथे पाय उचलला की बोर्ड निघून जातो. जे करायचं ते फक्त दाबून आणि झुकून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बर्फावर घाबरल्यावर आपण काय करतो? बोर्ड आडवा टाकतो. कड रुतते, बर्फ खरवडला जातो, थांबतो. आठ वर्षं केलं की तो विचार राहत नाही, शरीरच करतं. डांबरावर नेमकं हेच करू नका. लाँगबोर्डची चाकं मऊ युरेथेनची असतात, रस्ता घट्ट धरतात. कमी वेगात बोर्ड आडवा टाकायला गेलात की चाकं घसरत नाहीत, पकडतात. बोर्ड जागच्या जागी थांबतो. तुम्ही थांबत नाही.

दुसरी गंमत, वळणांनी वेग किती कमी होतो याची. बर्फावर प्रत्येक वळणाला थोडं घसरणं असतं, त्यात वेग जातो. म्हणून डोंगरभर नागमोडी उतरलं की वेग हाताशी राहतो. चाकं मात्र वळणातही फिरतच असतात. वळणं घेतलीत की वाट लांबते, थोडा वेग मरतो, पण ‘वळून वळून आटोक्यात आणू’ हा भरवसा ठेवू नका.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. बर्फावरची सोपी, हिरव्या खुणेची उतरण म्हणजे साधारण २५ टक्क्यांच्या आतला उतार. आपल्याला ती सपाट वाटते. रस्त्याचं माप वेगळं. आपल्याकडे सपाट भागातले रस्ते आखताना उतार साधारण ३.३ टक्क्यांच्या आत ठेवायचा असा संकेत आहे, डोंगराळ भागात ५. म्हणजे स्नोबोर्डवाल्याच्या डोळ्यांना घाटाचा रस्तासुद्धा ‘काहीच नाही’ वाटतो. आता हिशेब करा. ३.३ टक्के उतार, १०० मीटर लांबी. तुम्ही ३.३ मीटर खाली आलात. घर्षण आणि हवा सोडून दिली तर तळाशी वेग ताशी २९ किलोमीटर. घर्षण आणि हवा त्यातला बराच खातात, ताशी २० धरू. बर्फावर २० म्हणजे फिरायला निघाल्यासारखं. पण ताशी २० च्या वेगात डांबरावर उतरून पळून दाखवा बरं. बहुतेकांना जमत नाही.

म्हणून माझा नियम एकच: ज्या वेगात बोर्डावरून उतरून पळत पळत थांबता येईल, त्याच्या वर जायचं नाही. जोवर पायाचा ब्रेक पक्का नाही तोवर तर नाहीच.

सामान

थोडक्यात सांगते. फळी ३६ ते ४० इंच. पहिल्या बोर्डाला ‘ड्रॉप-थ्रू’ प्रकार घ्या. त्यात ट्रक, म्हणजे चाकांचा लोखंडी आस, फळीतून आरपार बसवलेला असतो आणि फळी जमिनीजवळ येते. फळी खाली म्हणजे ढकलताना पुढचा गुडघा कमी वाकवावा लागतो आणि ब्रेक लावताना मागचा पाय सहज टेकतो. आपल्याला नेमकं तेच शिकायचंय.

चाकं ७० मिलीमीटरच्या आसपास, कडकपणा ७८ए ते ८०ए. जितका आकडा कमी तितकं चाक मऊ. लहान, कडक चाक आपल्या रस्त्यांवर दात वाजवतं. खेळण्यांच्या दुकानातले प्लॅस्टिकच्या चाकांचे बोर्ड नकोतच. बारका खडा आला की चाक अडतं.

बेअरिंग आठ असतात, ६०८ आकाराची, बाहेरून २२ मिलीमीटर. आमच्याकडे कोळशाची आणि सिमेंटची धूळ, त्यामुळे ती लवकर खरखरतात. चाक हातानं फिरवून कान लावा. आवाज आला की काढा, झाकण उघडा, धुवा, पूर्ण वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल तेल नको, त्याला धूळ चिकटून लगदा होतो.

हेल्मेट. ‘माझं बर्फाचं आहे की’ असं म्हणाल. बर्फाच्या हेल्मेटचं युरोपीय मानक ईएन १०७७, सायकल-स्केटचं ईएन १०७८. शिवाय बर्फाचं हेल्मेट आतून उबदार, कान झाकलेलं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते घालून बघाच. स्केटचं घ्या. गुडघ्यांचे पॅड आणि मनगटांचे गार्ड बर्फावर आपण बरेचदा टाळतो. इथे टाळायचे नाहीत. बर्फावर पडलं की घसरत जातं, डांबरावर पडलं की कातडी तिथेच राहते.

कुठे चालवायचं

चंद्रपूर-घुग्घुस-वणी रस्त्यावर नाही. मी हे हळू आवाजात सांगत नाही. दिवसरात्र कोळशाचे टिप्पर चालतात. कडेला सांडलेले कोळशाचे तुकडे असतात, धूळ उडाली की पुढचं दिसत नाही, आणि उंच टिप्परच्या चालकाला तुम्ही दिसालच याची खात्री नाही. हायवेचं नवं, गुळगुळीत डांबर बघून हात शिवशिवतील. नाही म्हणजे नाही.

मग कुठे? वसाहतींच्या आतले सिमेंटचे रस्ते, परवानगी घेऊन. शाळेचं काँक्रीटचं पटांगण सुट्टीच्या दिवशी, तेही विचारून. मंगल कार्यालयाचं अंगण, मुहूर्त नसेल तेव्हा. पहाटे साडेपाच ते सात. उन्हाळ्यात दुपारी डांबर मऊ पडतं, चाकं चिकटतात आणि पडलात तर चटका वेगळाच. पावसाळ्यात ओला रस्ता नको, चाकांची पकड जाते आणि बेअरिंग गंजतात. आधी एकदा पायी फिरून या. खडे, गतिरोधक, गटारांच्या जाळ्या, आणि कुत्रे कुठे झोपतात ते बघा.

आणि एक सांगू? आमचं गाव सपाट आहे याचं स्नोबोर्डवाल्याला वाईट वाटतं. मला वाटतं ते नशीब आहे. डोंगर असता तर आपण पहिल्याच दिवशी वर गेलो असतो.

चार आठवडे

पहिला आठवडा: फक्त ढकलणं आणि थांबणं. पुढचं पाऊल नाकाच्या दिशेला वळवा. बर्फावर ते बांधलेलं, तिरकं असतं. इथे ते सतत फिरवावं लागतं: ढकलताना समोर, चालवताना आडवं. हे फिरवणं आपल्याला नवं आहे, म्हणून उभ्या बोर्डावर, घरात चटईवर पन्नास वेळा करा. मग ब्रेक. सगळं वजन पुढच्या पायावर. मागचा पाय खाली, तळवा सपाट, आधी फक्त रस्त्याला स्पर्श, मग हळूहळू दाब. टाच आधी टेकवली तर झटका बसतो. दाब एकदम दिला तर पाय मागे ओढला जातो. पुढचा गुडघा वाकलेला हवा. नसेल तर पाय जमिनीपर्यंत पोहोचतच नाही.

खडूनं रस्त्यावर रेघ मारा. ताशी आठ-दहाच्या वेगानं या आणि रेघेच्या आत थांबा. वीसपैकी वीस वेळा जमलं की पहिला आठवडा संपला. एकोणीस वेळा जमलं तर नाही. मला पहिल्या आठवड्याला अकरा दिवस लागले.

दुसरा आठवडा: वळणं. आता मजा. सपाटावर ढकला, बोटांकडे, टाचांकडे, लांब वळणं. ट्रक किती सैल हवे ते इथे कळतं. फार सैल केले आणि जोरात झुकलात तर काही बोर्डांवर चाक फळीला घासतं आणि अडतं. आठवडाभर प्रत्येक फेरीच्या शेवटी पायाचा ब्रेक लावूनच थांबा, वेग आपोआप मरू देऊ नका.

तिसरा आठवडा: अगदी हलका उतार, ज्याच्या शेवटी सपाट किंवा किंचित चढ आहे. वरून सुरुवात नाही. तळापासून दहा पावलं वर जा, तिथून या. जमलं की वीस पावलं. उतारावर वेग वाढला की बोर्ड डावी-उजवीकडे थरथरू लागतो. अशा वेळी भीतीनं अंग मागे जातं. बर्फावर पहिल्या वर्षी शिक्षकानं तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल, मागे रेलू नको. तेच. वजन पुढे, गुडघे सैल, नजर लांब. आठ हिवाळ्यांतली सगळ्यात मोठी कमाई इथे वसूल होते.

चौथा आठवडा: हाच उतार, तोच ब्रेक, आणि घसरून थांबण्याची ओळख. क्लिफ कोलमन या कॅलिफोर्नियातल्या स्केटरच्या नावानं ‘कोलमन स्लाइड’ आहे. तळव्याला प्लॅस्टिकची चकती असलेले हातमोजे घालायचे, खाली बसायचं, हात रस्त्यावर टेकायचा आणि बोर्ड आडवा फिरवायचा. म्हणजे आपली बर्फावरची जुनी सवय, पण खाली बसून, हात टेकून, चाकांवरचं वजन हलकं करून. ते पाहिल्यावर तुम्ही म्हणाल, हे तर मला येतं! येईल, पण जाणत्याच्या देखरेखीखाली, पूर्ण पॅड घालून, रिकाम्या जागी. कुणी शिकवणारं नसेल तर चौथा आठवडाही तिसऱ्यासारखाच घालवा. काही बिघडत नाही.

पोट्ट्यांबद्दल

बोर्ड बाहेर काढला की पोरं येणारच. “ताई, एक डाव द्या ना.” शेजारच्या काकू पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, “काऊन वं, या वयात हे काय करून राहिली?” आता त्यांचाच नातू रांगेत असतो.

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचं, बरीचशी आदिवासी वस्ती, आपल्या ताडोबाच्या बाजूच्या गावांसारखंच म्हणा. तिथे उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ च्या सुमारास काँक्रीटचा स्केटपार्क उभा केला. नियम दोन: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. तिथली आशा गोंड ही मुलगी २०१८ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेली. मला यातलं स्पर्धेपेक्षा ‘मुली आधी’ जास्त आवडतं. रांग लागली की मुली आपोआप मागे सरकतात, हे मी आमच्या गल्लीतच बघते. म्हणून तो नियम आम्हीही घेतला. दुसरा आमचा स्वतःचा: हेल्मेट एकच आहे, तर बोर्डावर एका वेळी एकच जण. आणि तिसरा: आधी थांबून दाखवायचं, मग वळायचं. तो रेघेचा खेळ त्यांना वळणांपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात जिंकता येतं. गल्लीत सगळ्यात चांगला ब्रेक आज एका सातवीतल्या मुलीचा आहे. तिनं बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय.

तिला बर्फाची सवय नाही, म्हणून मोडायचीही काही नाही. आपल्याला आहे. आपलं शिकणं म्हणजे निम्मं शिकणं आणि निम्मं ती एक जुनी हालचाल, बोर्ड आडवा टाकण्याची, शरीराकडून सोडवून घेणं. ते सपाटावर, कमी वेगात, कंटाळा येईपर्यंत करूनच होतं. आठ हिवाळ्यांचा अनुभव त्या कामात फार मदत करत नाही. त्यानंतर मात्र भरपूर करतो.

तर या आठवड्याचं काम: एक खडू, एक रेघ, वीस वेळा थांबणं. किती जमलं ते कळवा. तुमच्या गावात बोर्ड चालवायला सुरक्षित जागा कुठे आहे तेही लिहा, विदर्भातल्या जागा जमल्या तर एका भागात सगळ्या सांगेन. पुढच्या भागात बेअरिंगची सफाई पायरी-पायरीनं. तोवर हेल्मेटचा पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका. भेटू.